हृदयविकाराचे संशोधन आणि आपल्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवरील संशोधनाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रकाशित चाचण्यांवर आधारलेली आहेत. चालू गोळी बंद करण्यासाठी किंवा नवी सुरू करण्यासाठी ती लिहिलेली नाहीत. तो निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. एकदा आलेला मुद्दा पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे मुळात समजले कसे?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, असे अनेक डॉक्टरही मानत असत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कितीतरी वर्षे वाढलेला होता. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, आणि तेव्हा त्यावर देण्यासारखे प्रभावी औषधही डॉक्टरांच्या हाती नव्हते. त्यानंतर १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. या लोकांना कोणतेही औषध दिले गेले नाही. कोणाला आजार होतो आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळे होते, एवढेच वर्षानुवर्षे नोंदवले गेले. ‘धोक्याचे घटक’ ही आज प्रत्येक दवाखान्यात ऐकू येणारी कल्पना याच अभ्यासातून १९६१ च्या सुमारास रूढ झाली.

२. मग प्रत्येक गोष्टीसाठी असे निरीक्षण पुरेसे का नाही? चाचणीचा आग्रह कशासाठी?

निरीक्षणातून दोन गोष्टी सोबत आढळतात हे कळते. एकीमुळे दुसरी घडते का, हे बहुधा कळत नाही. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे मोठमोठ्या निरीक्षणांत दिसत होते, आणि त्या आधारावर त्या गोळ्या सर्रास दिल्या जात होत्या. पुढे हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. १९९८ मध्ये निकाल लागला तेव्हा एकूण फायदा शून्य निघाला, आणि पहिल्या वर्षात तर गोळी घेणाऱ्या गटातच त्रास अधिक झाला. स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. निरीक्षणात दिसलेला फायदा बराचसा त्याचा होता. गट दैवावर सोडून पाडले की असे छुपे फरक दोन्हीकडे सारखे विभागले जातात, म्हणून चाचणीचा आग्रह धरावा लागतो.

३. रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे धोका कमी झाला, असे समजावे का?

नाही, आणि माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे अधूनमधून जादा ठोके पडतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा हे ठोके दाबणारे औषध दिले की जीव वाचेल, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता, आणि औषधे ठोके दाबतही होती. ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत त्यांची खरी परीक्षा झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांपैकी एक मिळालेल्या ७५५ रुग्णांपैकी सरासरी दहा महिन्यांत ६३ दगावले, तर निष्क्रिय गोळी मिळालेल्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती.

‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणजे एचडीएल वाढवण्याच्या बाबतीतही असेच घडले. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढले. पण १५,०६७ रुग्णांच्या चाचणीत औषधाच्या गटात मृत्यू अधिक होऊ लागल्याने डिसेंबर २००६ मध्ये ती थांबवावी लागली. त्यामुळे अमुक पदार्थाने किंवा गोळीने एचडीएल वाढते, एवढे सांगणाऱ्या जाहिरातीतून हृदयाविषयी काहीच सिद्ध होत नाही. झटके कमी झाले का आणि माणसे अधिक जगली का, हेच विचारावे.

४. ‘मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ शंभरातले तीस जण वाचतात असा होतो का?

होत नाही. सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, स्टॅटिन गटातील गोळीच्या स्कँडिनेव्हियातील चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. तिच्यात आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटातील साधारण १२ टक्के रुग्ण दगावले आणि स्टॅटिनच्या गटातील सुमारे ८ टक्के. मूळ धोक्याच्या तुलनेत ही घट ३० टक्के भरते; प्रत्यक्षात शंभर रुग्णांमागे तीन ते चार जीव वाचले. दोन्ही आकडे खरे आहेत, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात पहिला येतो आणि निर्णयासाठी दुसरा लागतो.

ज्याचा मूळ धोका कमी, त्याला तीच ३० टक्के घट फारच थोडे देऊन जाते. म्हणून झटका येऊन गेलेल्या साठीच्या गृहस्थांना आणि धडधाकट तिशीतल्या त्यांच्या मुलाला एकाच गोळीविषयी वेगळा सल्ला मिळतो, यात डॉक्टरांची विसंगती नसते.

५. चाळिशी ओलांडली की रोज ॲस्पिरिन घ्यावी का? आमच्या ओळखीतले अनेक जण घेतात.

येथे दोन वेगळ्या परिस्थिती एकत्र केल्या जातात. झटका येत असताना ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ चाचणीत १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर ॲस्पिरिन दिलेल्या गटात पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू ९.४ टक्के होते, न दिलेल्या गटात ११.८ टक्के. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज सोबत दिले तेव्हा फायदा आणखी वाढला. झटका येऊन गेलेल्यांना किंवा स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातलेल्यांना पुढेही ॲस्पिरिन किंवा तिच्यासारखे औषध दिले जाते, त्याला भक्कम आधार आहे.

ज्यांना हृदयविकार झालेलाच नाही त्यांची गोष्ट निराळी आहे. मधुमेह असलेल्या १५,४८० लोकांच्या एका चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. सुमारे सात वर्षांत गंभीर विकार ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेला. म्हणजे एका हाताने मिळाले ते जवळजवळ सगळे दुसऱ्या हाताने गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ ज्येष्ठांच्या चाचणीत हृदयाला फायदा दिसलाच नाही आणि मोठा रक्तस्राव सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाला. निरोगी ज्येष्ठाने शेजाऱ्यांचे पाहून ही गोळी सुरू करू नये. मात्र स्टेंट घातलेल्याने हे वाचून ती परस्पर बंद करणे त्याहून धोक्याचे आहे.

६. ‘अमुक गटातील रुग्णांना विशेष फायदा’ असे चाचणीत दिसले आणि मी त्या गटात मोडतो, तर?

आनंद आवरता घ्यावा. ‘आयसिस-२’च्या संशोधकांना अशा उपगटांचे विश्लेषण छापण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी मुद्दाम रुग्णांची राशींनुसारही विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपाय होतो आणि बाकीच्यांना भरपूर फायदा होतो, असे त्यातून ‘निष्पन्न’ झाले! (या जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य सूर्यराशी होत्या, आपल्या पत्रिकेतील चंद्रराशीशी पडताळू नयेत.) आकडे पुरेसे बारीक चिरले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात योगायोगाने काहीतरी दिसतेच. उपगटात दिसलेला फायदा त्याच गटावरील स्वतंत्र चाचणीत टिकला, तरच तो खरा धरावा. न टिकल्याचे एक उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

७. स्टॅटिनने अंग दुखते. मग ती बंद का करू नये?

दुखणे खरे असते. प्रश्न कारणाचा असतो. लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बाटल्या देण्यात आल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन होते, चारांत निष्क्रिय गोळ्या होत्या आणि चार रिकाम्या होत्या. दररोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे होते. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, निष्क्रिय गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या कृतीतून आणि धास्तीतून येत होता, औषधातून नव्हे. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

तरीही स्टॅटिन पूर्णपणे निर्धोक आहे असे म्हणता येणार नाही. स्नायू गंभीररीत्या झिजण्याचा प्रकार दुर्मीळ असला तरी घडतो. त्याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखरही थोडी वाढू शकते. असह्य दुखणे किंवा गडद रंगाची लघवी असल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. साधी कुरकुर असल्यास मात्रा किंवा गोळी बदलून पाहता येते.

८. अँजिओग्राफीत ८० टक्के ब्लॉकेज निघाले. स्टेंट घातला नाही तर झटका येईल का?

स्टेंटने छातीतील दुखणे कमी होते. स्थिर आजारात पुढचा झटका किंवा मृत्यू त्याने टळतो असे मात्र दिसलेले नाही. ‘करेज’ चाचणीत (२००७) २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करून बहुधा स्टेंट घालणे) मिळाली आणि निम्म्यांना फक्त औषधे. साधारण साडेचार वर्षांत मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण अनुक्रमे १९.० आणि १८.५ टक्के होते. शंका उरू नये म्हणून ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर ‘इस्केमिया’ चाचणी झाली, तिचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही त्याच दिशेचा होता. झटका बहुधा अरुंद जागा हळूहळू पूर्ण बंद होऊन येत नाही; चरबीचा थर फुटून त्यावर अचानक गुठळी धरते आणि तो येतो. हा थर अनेकदा अशा ठिकाणी असतो, जेथील ब्लॉकेज अँजिओग्राफीत किरकोळ दिसते. गोळ्या सगळ्या धमन्यांवर काम करतात, स्टेंट एका जागेवर.

दुखणे कमी होण्याविषयीही दोन पायऱ्यांत कळले. ‘ऑर्बिटा’मध्ये (२०१७) २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर अँजिओप्लास्टीचे केवळ नाटक केले गेले, रुग्ण गुंगीत होते आणि कानाला हेडफोन होता. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मधील ‘ऑर्बिटा-२’मध्ये मात्र छातीदुखीच्या गोळ्या थांबवलेल्या ३०१ रुग्णांत खऱ्या स्टेंटने दुखणे स्पष्टपणे कमी झाले.

मुख्य डाव्या धमनीतील मोठे ब्लॉकेज, हृदयाचे पंपिंग फार कमी असणे, आणि औषधे घेऊनही वाढत चाललेले दुखणे हे अपवाद आहेत. असे रुग्ण या चाचण्यांत बहुतांशी नव्हतेच. म्हणून रुग्ण अँजिओग्राफीच्या टेबलावर असतानाच नातेवाइकांकडे स्टेंटसाठी संमती मागितली, तर ‘हा झटका आहे की स्थिर आजार?’ हे विचारायला संकोच करू नये.

९. म्हणजे झटका आल्यावरही अँजिओप्लास्टीची घाई नको?

घाई हवीच. प्रश्न ८ चे उत्तर फक्त स्थिर आजारापुरते आहे. ईसीजीत स्पष्ट दिसणाऱ्या मोठ्या झटक्यात धमनी पूर्ण बंद झालेली असते आणि प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या गटात सुमारे ९ टक्के आणि तातडीच्या अँजिओप्लास्टीच्या गटात सुमारे ७ टक्के मृत्यू आढळले. पण तालुक्याच्या गावात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची सोय) नसेल तर तीन-चार तास गाडीत घालवण्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणे शहाणपणाचे ठरते. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडून हेच पद्धतशीर केले गेले, तेव्हा वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

१०. लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याने, किंवा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या चिलेशनने ब्लॉकेज निघून जाते का?

काढ्याने ब्लॉकेज निघाल्याचे कोणत्याही विश्वासार्ह चाचणीत दिसलेले नाही. जास्तीत जास्त मात्रेतील रोसुव्हास्टॅटिन दोन वर्षे दिल्यावरही धमनीच्या भिंतीतील थराचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याच्या आसपास घटले होते. तेव्हा महिनाभरात धमन्या स्वच्छ होतात, हे म्हणणे किती अचाट आहे ते यावरून लक्षात यावे.

चिलेशन म्हणजे रक्तातील धातूंना बांधून शरीराबाहेर काढणारे औषध शिरेतून देणे. त्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१३ मध्ये १,७०८ रुग्णांच्या चाचणीत थोडा फायदा दिसला आणि तो मुख्यतः मधुमेही उपगटात होता. जाहिरातदारांनी तोच उचलून धरला. मग मधुमेह असलेल्या आणि झटका येऊन गेलेल्या १,००० रुग्णांवर तीच चाचणी पुन्हा केली गेली, आणि २०२४ च्या निकालात फायदा नाहीसा झाला. प्रश्न ६ मध्ये सांगितलेली सावधगिरी यासाठीच आहे.

११. हे सगळे संशोधन परदेशी लोकांवर झालेले आहे. ते आपल्याला कितपत लागू पडते?

शंका रास्त आहे, पण उत्तर दुहेरी आहे. बंगळुरूत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) नऊ घटकांवरून पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका समजावता आला: धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, मद्य आणि व्यायामाचा अभाव. हे घटक सगळीकडे सारखेच निघाले. फरक वेळेचा होता. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येत होता, इतरांना ५८-५९ च्या सुमारास. कारण हे घटक आपल्याकडे लवकर जमा होतात. याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांचा धोकाही दुपटीहून अधिक आढळला. ‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त चुना-तंबाखू मळतो’ हे समाधान त्यामुळे फोल ठरते.

लवकर जमा होण्याचे एक मूळ पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. वजनाला इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी असलेली ही बाळे चरबीच्या बाबतीत मात्र जवळजवळ तेवढीच भरत होती. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटाचा घेर आपल्याकडे का मोजायचा, याचे उत्तर या अभ्यासात आहे.

१२. चार गोळ्यांऐवजी एकच ‘पॉलिपिल’ चालते का?

चालते, असे पुरावे वाढत आहेत. इराणमधील ६,८३८ लोकांच्या चाचणीत (२०१९) पाच वर्षांत मोठे विकार ८.८ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आले. भारताचा मोठा सहभाग असलेल्या आणि बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेने चालवण्यात वाटा उचललेल्या चाचणीतही ॲस्पिरिनसह पॉलिपिलचा फायदा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. उणीव एवढीच की एका घटकाची मात्रा बदलायची झाली तर अख्खी गोळी बदलावी लागते. गोळ्यांचा डबा भरून ठेवूनही त्या घ्यायच्या राहतात, अशांना मात्र ती सोयीची आहे.

१३. रक्तदाब १२० पर्यंत खाली आणावा की १४० चालेल?

अमेरिकेतील ९,३६१ रुग्णांच्या ‘स्प्रिंट’ चाचणीत (२०१५) १२० च्या खालचे लक्ष्य ठेवलेल्या गटात १५५ मृत्यू झाले आणि १४० च्या गटात २१०. परंतु तिच्यात मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते. शिवाय रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून, यंत्राने तीनदा मोजून त्याची सरासरी घेतली जात होती. गर्दीच्या दवाखान्यात जिना चढून आल्या आल्या घेतलेला १३५ हा आकडा आणि त्या पद्धतीचा १२० हा आकडा यांत वाटतो तेवढा फरक नसतो. कडक लक्ष्याच्या गटात चक्कर येणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हेही अधिक घडले. म्हणून उभे राहताच तोल जाणाऱ्या वृद्धाला १२० चा हट्ट लागू करू नये.

१४. रुग्णालयाने चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे. आमच्यावर प्रयोग तर होत नाही ना?

प्रयोगच होत असतो. तो नियमांत बसतो का, हे तपासता येते. १५ जून २००९ पासून भारतात चाचणी सुरू होण्यापूर्वी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद आवश्यक आहे, आणि ती कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे, आणि नकार दिल्यास किंवा मधूनच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार थांबणार नाहीत ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे. निष्क्रिय गोळीच्या गटात गेलो तर नुकसान होईल, ही भीती दर वेळी खरी नसते; ‘कास्ट’मध्ये (प्रश्न ३) त्याच गटातील रुग्ण अधिक संख्येने जगले.

१५. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनऐवजी नवीन गोळी मागावी का? त्यात सारखी रक्ततपासणी करावी लागत नाही म्हणे.

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या बहुतेक रुग्णांसाठी नव्या गोळ्या चांगल्या ठरल्या आहेत, पण आपल्याकडे महत्त्वाचे असे दोन अपवाद आहेत. लहानपणीच्या सांधेतापानंतर झडपा खराब होण्याचा आजार भारतात अजून आढळतो. अशा रुग्णांवर २४ देशांत झालेल्या चाचणीत (२०२२) रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफेरिनच्या जातीच्या जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. त्या गटात मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. दुसरा अपवाद धातूच्या कृत्रिम झडपेचा आहे. तेथे डॅबिगॅट्रान या दुसऱ्या नव्या गोळीची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, आणि निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही प्रकारच्या रुग्णांना पीटी-आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी चालूच ठेवावी लागते. दुसऱ्या गावी किंवा नव्या डॉक्टरांकडे गेल्यास झडपेचे कार्ड सोबत न्यावे, म्हणजे सोय म्हणून कोणी गोळी बदलून देणार नाही.